शेवटचं एक मिनिट तरी सोडा!

काल रात्री पुन्हा तेच झालं. रिमोट भिंतीवर आपटायचाच काय तो राहिला.

'द थर्ड मॅन' हा जुना ब्रिटिश सिनेमा लावला होता. कितव्यांदा ते विचारू नका, मोजणं केव्हाच सोडलंय. १०४ मिनिटांपैकी १०३ मिनिटं सगळं सुरळीत. कबरस्तानातलं शेवटचं दृश्य आलं. लांबच लांब सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना झडलेली झाडं, दूरवरून नायिका ॲना चालत येतेय, अलीकडे कडेला नायक होली तिची वाट बघत उभा. कुणी एक शब्द बोलत नाही. कॅमेरा जागचा हलत नाही. संगीतकार अँटोन करासचं झिदर हे तारवाद्य वाजतंय आणि वरून पानं गळतायत. ती येतेय, येतेय, येतच राहतेय... आणि ती अजून अर्ध्या रस्त्यात असताना अख्खं चित्र आक्रसून कोपऱ्यात गेलं, काडेपेटीएवढं झालं, आणि उरलेल्या पडद्यावर कुठल्याशा मालिकेतला माणूस बंदूक रोखून ओरडायला लागला. खाली आकडे. दहा, नऊ, आठ.

अंधारात रिमोट चाचपडला. हाताला लागला तेव्हा तीन. घाईत 'मागे' दाबलं, तर सिनेमाच बंद होऊन मुख्य पानावर आलो. पुन्हा उघडला, तर पहिल्या मिनिटापासून सुरू, कारण ॲपच्या मते माझा पाहून झालाय. मग ती रेघ ओढत ओढत एक तास बेचाळीस मिनिटांवर न्या. पुढे गेली, मागे आणा, जास्त मागे आली, पुन्हा पुढे न्या. कसाबसा तो रस्ता सापडला, झिदर सुरू झालं, ॲना दिसली आणि पुन्हा तीच काडेपेटी, पुन्हा तोच बंदूकवाला! तिसऱ्यांदा कळलं की एका कोपऱ्यात 'श्रेयनामावली पाहा' असं नखाएवढं बटण आहे आणि ते दहा सेकंदांत दाबायचं असतं. श्रेयनामावली? अरे, सिनेमा चालू आहे अजून! बाई चालतेय समोरून!

कुणीतरी ठरवलंय की पडद्यावर बोलणं थांबलं म्हणजे सिनेमा संपला. माणसानं ठरवलं असेल नाहीतर मशीननं, मला दोघांचाही सारखाच राग आहे. ह्या एका मिनिटासाठी काय झालं होतं माहीत आहे? ग्रॅहम ग्रीनला हा शेवट नको होता. लेखक तो, गोष्ट त्याची, आणि त्याला ती दोघं शेवटी बरोबर जाताना हवी होती. दिग्दर्शक कॅरल रीडनं ऐकलं नाही. ॲना होलीकडे ढुंकूनही न बघता निघून जाणार, आणि तेही एवढा वेळ चालत येऊन, हे त्यानं धरून ठेवलं. पुढे ग्रीननं स्वतः लिहून मान्य केलं की रीडचंच बरोबर होतं. ग्रीनसारख्या लेखकाशी मतभेद पत्करून दिग्दर्शकानं राखलेलं ते मिनिट, आणि माझ्या घरात ते एका जाहिरातीनं खाल्लं.

मला गोष्ट माहीत आहे हो. होलीचा मित्र हॅरी लाइम, त्याचं काय होतं, दारातल्या अंधारात कोण उभं असतं, गटारात कोण कुणाला गोळी घालतं, सगळं पाठ आहे. पाहिलेला सिनेमा परत पाहणारा माणूस गोष्टीसाठी बसतच नाही. तो त्या रस्त्यासाठी बसतो. ॲना थांबणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, तरी ती होलीच्या जवळ येते तेव्हा दर वेळी मला वाटतं की आज ती मान वळवेल. आज तरी. ती वळवत नाही, आणि मग जे पोटात तुटतं त्यासाठी मी रात्री जागतो. ते तुटायच्या आत दुसरं काहीतरी सुरू करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

ह्याच सिनेमाच्या बाबतीत हा पहिला अपमान नाही. मागे दुसऱ्या एका ॲपवर लावला, तर सुरुवातीचं निवेदन होलीच्या, म्हणजे जोसेफ कॉटनच्या आवाजात. तिथेच ओळखलं. ब्रिटनमधल्या मूळ आवृत्तीत तो आवाज खुद्द रीडचा आहे. अमेरिकेत दाखवताना निवेदन बदललं आणि ११ मिनिटं कापली. ती कापलेली प्रत चढवली होती, आणि वर-खाली कुठेही एका शब्दानं सांगितलेलं नव्हतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळणारच नाही की आपल्याला काय मिळालेलं नाही. मला प्रत्येक गेलेल्या जागी ठेच लागत होती.

आणि टीव्ही! नवा टीव्ही घेतलेल्या कुणाच्याही घरी मी आता सिनेमा बघायला जात नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. हे टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनानं आणखी फ्रेम बनवून घुसडतात आणि 'द थर्ड मॅन'मधला अंधारातला व्हिएन्ना दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत करून टाकतात. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीनं व्हिडिओ काढून लोकांना विनवलं की बाबांनो, हे बंद करा. २०१९ मध्ये त्यासाठी, सिनेमा जसा बनवला तसाच दाखवणारा 'फिल्ममेकर मोड' टीव्हींसाठी जाहीर झाला. इतकं होऊनही ते फ्रेम घुसडणारं सेटिंग प्रत्येक कंपनीच्या टीव्हीत वेगळ्या नावानं, पाचव्या पानावर पुरलेलं. मी माझ्याकडे बंद केलं होतं. एक अपडेट आलं आणि ते आपोआप पुन्हा चालू! विचारलं होतं का मला?

जुने चौकोनी सिनेमे रुंद पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापतात त्याची चीड तर वेगळीच. चारास तीनचं चित्र सोळास नऊमध्ये कोंबायचं म्हणजे उंचीचा पाव भाग गेला. पाव! माणसांच्या कपाळावरून सुरी फिरवलेली असते. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या तर कुणाचं काय बिघडतं? पूर्वी रुंद सिनेमांच्या बाजू छाटायचे, आता चौकोनी सिनेमांची डोकी उडवतात. आणि जुन्या डीव्हीडींबद्दल गळे काढणाऱ्यांनीही जरा थांबावं, कारण त्यांतल्या कितीतरी सेकंदाला २५ फ्रेमनं पळायच्या. दोन तासांचा सिनेमा एक तास पंचावन्न मिनिटांत आटोपायचा आणि सगळ्यांचे आवाज चिरके व्हायचे. वर्षानुवर्षं मी माझ्या आवडत्या नटांचे चुकीचे आवाज ऐकत होतो. हे कळलं त्या दिवशी रडू यायचं बाकी होतं.

यादीतून सिनेमे गायब होतात ते तर सगळ्यांनीच भोगलंय. बटणावर 'विकत घ्या' लिहायचं आणि अटींमध्ये बारीक अक्षरांत फक्त पाहण्याचा परवाना द्यायचा. ह्याला माझ्या भाषेत फसवणूक म्हणतात.

"पाहिलेलाच सिनेमा परत काय पाहायचा?" हे विचारणाऱ्यांना मी हल्ली उत्तर देत नाही. शेजारी बसून फोन चाळत "आता तो मरतो ना?" म्हणणाऱ्यांना तर खोलीतच घेत नाही.

सगळ्यात जास्त मला कशानं लागतं सांगू? १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि सत्यजित रायांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. जे करपून वाचलं ते लोकांनी टाकलं नाही, जपून ठेवलं. वीस वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत माणसांनी ती ठिसूळ फिल्म जवळजवळ हजार तास हातानं दुरुस्त केली, कडा जोडल्या, एकेक तुकडा वाचवला, जे वाचलंच नव्हतं ते दुसऱ्या प्रतींतून घेतलं. २०१५ मध्ये ते सिनेमे पुन्हा पडद्यावर आले. आगीतून काढलेली एकेक फ्रेम! अशी माणसं एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाला दहा, नऊ, आठ. शेवटच्या फ्रेमपर्यंत सिनेमा दाखवणं हे एवढं एकच काम तुमच्याकडे आहे. त्याचेच पैसे घेता तुम्ही.

ते 'पुढचं आपोआप सुरू करा' बंद करायचं सेटिंग सापडलं मला, रात्री दीड वाजता. टीव्हीवर नव्हतंच, वेबसाइटवर जाऊन खात्यात शिरून शोधावं लागलं. बंद केलं. परत येऊन पाहिलं, तर सिनेमाखालची रेघ शेवटपर्यंत भरलेली आणि शेजारी 'पाहून झालं' अशी खूण.

झालेलं नाही. ॲना अजून अर्ध्या रस्त्यात आहे.