साथरोगशास्त्राची पदवी : अमेरिकेतले कॉलेज निवडण्याआधी

नीटचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून आणि ओळखीच्यांकडून एकाच आशयाची विचारणा येते. मुलीला एमबीबीएसची जागा मिळण्याइतके गुण नाहीत, पण करोनाच्या काळापासून तिला साथरोगांच्या अभ्यासाची ओढ आहे. तेव्हा बारावीनंतर तिला थेट अमेरिकेत साथरोगशास्त्राच्या पदवीसाठी पाठवायचे झाल्यास कॉलेज कोणते निवडावे? या प्रश्नामागे घरोघरी चाललेला वाद मला माहीत आहे. काहींच्या मते डॉक्टर झाल्याशिवाय आरोग्यक्षेत्रात कोणी विचारत नाही, तर काहींना वाटते की विद्यापीठाचे नाव मोठे असले की पुढचे सगळे आपोआप जुळून येते. मेरीलँडमध्ये राहून आरोग्याच्या आकडेवारीवर काम करताना मला दिसते ते असे, की या वादात मूळ मुद्दाच सुटतो : साथरोगतज्ज्ञाचा व्यवसाय इथे पदव्युत्तर शिक्षणानंतर सुरू होतो.

बाल्टिमोरमध्ये 1916 साली रॉकफेलर फाउंडेशनच्या देणगीतून स्थापन झालेली जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्याची शाळा मुख्यतः पदवीधरांसाठी आहे. बारावी होऊन येणारा विद्यार्थी त्या शाळेत नव्हे, तर त्याच विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेत दाखल होतो आणि सार्वजनिक आरोग्य हा मुख्य विषय घेऊन काही अभ्यासक्रम त्या शाळेत पूर्ण करतो. मिशिगन विद्यापीठाने तर सार्वजनिक आरोग्याची पदवी 2017 मध्ये सुरू केली. पदवीच्या पातळीवर साथरोगशास्त्र हाच मुख्य विषय घेण्याची सोय रॉचेस्टरसारख्या थोड्या ठिकाणी आहे. पदवीवरचे नाव कोणतेही असो, अमेरिकेच्या श्रम खात्याने साथरोगतज्ज्ञाच्या व्यवसायासाठी नेहमीची पात्रता म्हणून पदव्युत्तर पदवीच नोंदवली आहे. चार वर्षांच्या पदवीवर संशोधन सहायकाचे, मुलाखती घेण्याचे किंवा नोंदी तपासण्याचे काम मिळू शकते. ते काम मोलाचे आहे, परंतु त्या पगारावर भारतातून काढलेले शैक्षणिक कर्ज फेडणे अवघड आहे.

म्हणून कॉलेजच्या क्रमवारीपेक्षा मी आधी गणिताबद्दल विचारते. आपल्याकडे डॉक्टर व्हायचे ठरले की अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडण्याची पद्धत रूढ झाली आहे, आणि दोन वर्षांनी नीट हुकली की त्याच मुलांसमोर संख्याशास्त्राचे दारही बंद झालेले असते. साथरोगशास्त्राचा कणा मात्र संख्याशास्त्र हाच आहे. एखाद्या वस्तीत रुग्ण वाढले, तर ती वाढ खरी की तपासण्या वाढल्यामुळे दिसणारी, आजारी पडलेल्यांत आणि न पडलेल्यांत नेमका फरक कशाचा, आणि तो फरक वयामुळे किंवा गरिबीमुळे तर दिसत नाही ना, हे ठरवायला संभाव्यता आणि प्रतिगमन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकडेवारीतून मोजण्याची पद्धत) यांचे पक्के शिक्षण लागते. ज्या कॉलेजात सार्वजनिक आरोग्याच्या पदवीत संख्याशास्त्राचा एखादाच प्राथमिक अभ्यासक्रम आहे, तिथे कितीही प्रसिद्ध प्राध्यापक असले तरी मी पाठवण्याचा सल्ला देणार नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर वर्गांत बसता येते का, आणि स्थानिक आरोग्य खात्यात प्रत्यक्ष काम मिळते का, हेही प्रवेशाआधी पत्र लिहून विचारावे.

व्हिसाच्या दृष्टीने आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. शिक्षणानंतर इथे 12 महिने काम करण्याची मुभा मिळते आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणाऱ्या पदव्यांना त्यावर 24 महिन्यांची वाढ मिळू शकते. साथरोगशास्त्र आणि जैवसंख्याशास्त्र (आरोग्य व जीवविज्ञानातल्या आकडेवारीचे शास्त्र) त्या यादीत आहेत, सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्य नाही. विद्यापीठाने आपल्या पदवीची नोंद कोणत्या वर्गात केली आहे, हे लेखी मागून घ्यावे.

खाजगी विद्यापीठात राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च आता 80 हजार डॉलरच्या पुढे जातो. त्यात मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारची परदेशी मदत थांबल्यावर जॉन्स हॉपकिन्सने जगभरातली 2,000 हून अधिक पदे रद्द केली. या क्षेत्रातल्या नोकऱ्या सरकारी निधीवर किती अवलंबून आहेत, हे त्यावरून कळते. इथेच वाढलेल्या आणि आपल्या राज्याच्या विद्यापीठात कमी फी भरणाऱ्या मुलांचे गणित वेगळे असते. साताऱ्याहून कर्ज काढून येणाऱ्या मुलीला मात्र मी निःसंकोच सांगेन, की पुण्यात संख्याशास्त्रात बी.एस्सी. करावी, त्यानंतर देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी जैवसंख्याशास्त्र शिकावे, आणि मग गरज वाटली तर शिष्यवृत्ती मिळवून इकडे यावे. ग्रामीण आरोग्याचे काम उभे करणारे जामखेडचे रजनीकांत आणि मेबेल आरोळे किंवा गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग बाल्टिमोरला आले, ते पदव्युत्तर शिक्षणासाठीच. आपल्या लोकांचे कोणते प्रश्न सोडवायचे आहेत, हे मनाशी ठरवून ते आले होते, आणि म्हणून इथल्या शिक्षणाचे त्यांनी सोने केले.

हे चौघेही डॉक्टर होते, असे यावर कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. डॉक्टर नसलेल्यांना या कामात प्रवेश देण्याच्या बाबतीत अमेरिका आपल्या कितीतरी पुढे आहे, हे मी मनापासून मान्य करते. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, म्हणजे बहुधा जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटण्याचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा कोंबडीचे मांस खावे की नाही यावर भरपूर चर्चा झाली. पण कोणत्या घरात कोणत्या विहिरीचे पाणी जाते हे विचारून नोंदवणे आणि त्याचा अर्थ लावणे, हे काम प्रशिक्षित साथरोगतज्ज्ञाचे आहे आणि त्यासाठी एमबीबीएस असण्याची गरज नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने प्रत्येक राज्यात सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र संवर्ग (सरकारी सेवेतले कर्मचारीवर्ग) उभारावेत आणि त्यांत वेगवेगळ्या विद्याशाखांतून आलेल्या प्रशिक्षितांना स्थान द्यावे, असे सुचवले आहे. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात अशी कायम पदे, बढतीच्या वाटेसह, निर्माण व्हायला हवीत. कारण कंत्राटी नोकरीच्या भरवशावर कोणती हुशार मुलगी परत येईल?