मेल लेट जातोय त्याचं खापर पावसावर नको

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या होमस्टेवाल्यांच्या नि आंबेवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की पावसात इंटरनेटची लाइन स्लो होते म्हणून आपल्या मेल सर्व्हरवरून मेल तासन्‌तास अडकतात, मोठा प्लॅन घ्या, क्यू (जायच्या राहिलेल्या मेलची रांग) दर पाच मिनिटांनी फ्लश करा म्हणजे सगळे मेल लगेच परत पाठवायला लावा, तरी नाय गेले तर सर्व्हर रिस्टार्ट. आता बघू.

लाइन स्लो? अहो बुकिंगचा मेल ४० केबीचा, २ एमबीपीएसवरसुद्धा पाव सेकंदात जातो. झाड पडून फायबर तुटली तर काहीच जाणार नाही, ती गोष्ट वेगळी. आणि सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये असेल तर मालवणच्या पावसाचा त्याला काय फरक पडतो?

प्लॅन घेण्याआधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडा. पोस्टफिक्स (मेल पाठवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) प्रत्येक मेलसमोर डिलेजचे, म्हणजे उशिराचे, चार आकडे सेकंदांत लिहितो, समजा ०.२/०/४०/०.५. पहिला म्हणजे क्यू मॅनेजरने (रांग सांभाळणाऱ्या भागाने) हातात घेईपर्यंत गेलेला वेळ, दुसरा क्यू मॅनेजरमधला, तिसरा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणं), हेलो (सर्व्हरची एकमेकांशी ओळख), टीएलएस (एन्क्रिप्शन) धरून कनेक्शन जुळवायला लागलेला, आणि चौथा प्रत्यक्ष मेल पाठवायचा. इथे मेल अर्ध्या सेकंदात गेलाय आणि त्याआधी ४० सेकंद नुसती वाट बघण्यात गेलेत, मग स्पीड वाढवून काय वाढणार? असं दिसलं की रिझॉल्व्हरच्या फाइलमधला (पत्ते कुणाला विचारायचे ती यादी) पहिला नेमसर्व्हर, म्हणजे पत्ते सांगणारा सर्व्हर, जिवंत आहे का बघा (बहुतेक कुणीतरी जुन्या राऊटरचा पत्ता ठेवलेला असतो), तो मेलेला असेल तर एकेका चौकशीला ५ सेकंद जातात. आयपीव्ही६ (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) नावाला चालू आणि बाहेर पाठवलेलं मधेच गडप होतंय असं असेल तर एकेका पत्त्यावर ३० सेकंद.

पहिला आकडा हजारात असेल तर मेल बहुतेक डिफर्ड होऊन, म्हणजे परत प्रयत्नासाठी मागे ठेवून, पडलेला. समोरच्या सर्व्हरने ४५० किंवा ४५१ हा कोड दिला म्हणजे "नंतर या", ग्रेलिस्टिंगवाले (स्पॅम टाळायला पहिल्यांदा परत पाठवणारे) अनोळखी सर्व्हरला मुद्दामच असं सांगतात. पोस्टफिक्स आधी ३०० सेकंदांनी, मग वाढवत वाढवत ४००० सेकंदांपर्यंत थांबून परत जातो, पाच दिवस.

आता ते फ्लश. हा सल्ला नुसता फुकट नाही, नुकसानीचा आहे. पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्येच वॉर्निंग आहे की न जाणारे मेल सारखे फ्लश केले तर बाकीच्या चांगल्या मेलचीही डिलिव्हरी रखडते.

रिस्टार्टने काय होतं? क्यू डिस्कवर असते, ती तशीच राहते. आणि जीमेल रिव्हर्स डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारं रेकॉर्ड) नाही म्हणून अडवत असेल तर रिस्टार्टने ते येत नाही, ते रेकॉर्ड आयपी देणाऱ्या कंपनीकडून लावून घ्यावं लागतं, एसपीएफ-डीकेआयएम (मेल खरंच आपल्याकडूनच आलाय हे दाखवणारी रेकॉर्ड) आपल्या डोमेनवर आपणच लावायचं.