काडतुसाच्या रिकाम्या केस घरी भरायच्या फॉरवर्डबद्दल

आमच्या ठाण्यातल्या शूटिंगवाल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की अमेरिकेत लोक पॉइंट टू टूच्या (.22 बोअरच्या) रिकाम्या केस, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळ्या, घरीच परत भरतात, आपणही भरू शकतो, रायफलचं लायसन्स असलं की झालं, आणि पावडर जरा जास्त टाकली की नेम अजून बसतो. वागळे इस्टेटमधल्या एका मित्राने तर केस भरायचं यंत्र, म्हणजे प्रेस, कुठे मिळेल विचारलं पण! अरे थांब बाबा.

ते लोक भरतात ते सेंटरफायर, म्हणजे .223 रेमिंग्टन, .22-250 वगैरे, ज्यात बुडाच्या मधोमध असलेला प्राइमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) काढून नवा बसवता येतो. आपण रेंजवर मारतो ती .22 एलआर रिमफायर, तिचा प्राइमर मसाला कडेच्या घडीत असतो आणि बंदुकीची पिन लागली की ती कड चेपते, म्हणून ती केस एकदाचीच. नावात 22 दोन्हीकडे, त्यामुळे सगळा घोळ.

जास्त पावडरचं तर उलटंच आहे, ते लोक भरायच्या मॅन्युअलमधल्या कमी चार्जपासून (पावडरच्या मापापासून) सुरू करतात, थोडं थोडं वाढवत प्रत्येक टप्प्याला ग्रुप मारतात, म्हणजे काही गोळ्या मारून त्या किती जवळजवळ लागतात ते बघतात, प्राइमर चपटा व्हायला लागला किंवा रायफलचा बोल्ट (मागची सरकती कडी) जड उघडला की मागे फिरतात. बरेचदा सगळ्यात बारीक ग्रुप कमाल चार्जच्या खालीच येतो. आणि मेसेजमध्ये ग्रेनचं (पावडर मोजायच्या वजनाचं) ग्रॅम केलंय, 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 0.065 ग्रॅम, म्हणजे पंधरा पट चूक, हे वाचून मला घामच फुटला.

राहिलं लायसन्स. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगायचा चालत नाही.