थुंकीच्या नळीत पणजोबांचं गाव नसतं

खानदेशातल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'एका डीएनए चाचणीत सात पिढ्यांचं मूळ गाव आणि कूळ कळतं, तहसीलच्या जुन्या दप्तराला आता किंमत नाही.' हे वाचून आमच्या भाऊबंदांपैकी एकाने जुन्या उताऱ्यांची पिशवी रद्दीत दिली. म्हणून लिहितोय.

आधी सात पिढ्या. दर पिढीला वाटा निम्मा होतो. पणजोबांचा आपल्यात साधारण साडेबारा टक्के. सात पिढ्या मागे १२८ पूर्वज, एकेकाचा सरासरी वाटा एक टक्क्याहून कमी. अहवालातले प्रदेश हा कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज असतो. नमुने वाढले की त्याच थुंकीचे टक्के बदलतात.

कूळही तसंच. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाणारा एकच धागा दाखवतं. त्यातला आर१ए गट पोलंडपासून भारतापर्यंत आहे, इथल्या कितीतरी जातींत आहे. त्यावरून राजघराणं सिद्ध होत नाही.

आता दप्तर. आमच्या घरी सगळे सांगायचे, पणजोबा प्लेगात गेले. चोपड्याकडच्या एका कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, त्यांची नोंद निघाली. कडा कुरतडलेलं पान, मोडीतली एकच ओळ: नाव, बापाचं नाव, जात, मयत तारीख, कारण 'ताप'. मोडी वाचणाऱ्या काकांनी बोट ठेवून ती दोनदा वाचली. मग वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावे झाल्याची नोंद, काढला. त्यात तीन नव्हे, चार मुलगे! चौथ्याची शाखा शिरपूरकडे गेलेली, आम्हाला ठाऊकच नव्हती. त्या घरातल्या माझ्या बरोबरीच्या पणतूची आणि माझी चाचणी केली, आणि जुळणी जवळपास तीन टक्के आली, पणजोबा-पणजी एकच असलेल्यांची येते साधारण तेवढीच. डीएनएचा खरा उपयोग हा. पण कुणाची चाचणी करायची, ते फेरफाराने सांगितलं.

'जळगाव जिल्ह्यात काही सापडत नाही' म्हणणाऱ्यांनी एवढं करावं: १९०६ पर्यंत खानदेश हा एकच जिल्हा होता, मुख्य ठिकाण धुळे. पुढे स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं जळगावकडचा भाग 'पूर्व खानदेश' आणि धुळ्याकडचा 'पश्चिम खानदेश' होता. नंदुरबार तर १९९८ चा. अर्जावर जुनं नाव घाला, धुळ्यालाही विचारा.

पणजीचं माहेर मात्र अजून लागलेलं नाही. फेरफारात ती फक्त 'विधवा' आहे. तिच्या लेकीच्या लेकींमध्ये तिचा आईकडचा डीएनए आजही असेल, पण माहेरचं नाव त्यातून कळणार नाही. त्या रद्दीत गेलेल्या पिशवीत तिच्या लग्नाची याददास्त, म्हणजे लिहून ठेवलेली नोंद, होती, असं आत्या म्हणते.