मायामी व्हाइस या जुन्या अमेरिकन पोलीस मालिकेचा डीव्हीडी संच अमेरिकेचा घ्यावा की इंग्लंडचा?

"इंग्लंडच्या डीव्हीडी कापलेल्या असतात," अव्या ठामपणे म्हणाला. "भाग 48 मिनिटांचा, तिथे भरतो 46. दोन मिनिटं गेली कुठे?"

"कुठेही गेली नाहीत," सुनील म्हणाला. "फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची. पालमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या टीव्ही पद्धतीत, तीच 25 ने पळवतात. चार टक्के वेग वाढला की 48 ची 46 होतात. खरी कात्री लागलेली प्रत याहून आखूड निघते. पण सूर दुरुस्त केला नसेल, तर पांढरी एकचं गाणं काळी एककडे निम्म्याहून जास्त सरकतं. या मालिकेचा जीवच संगीतात, तिथे हे खुपतं."

"म्हणजे अमेरिकेचाच."

"थांब जरा," नंदू मध्ये पडला. "पहिल्या सीझनची जुनी अमेरिकन आवृत्ती दोन्ही बाजूंना भाग भरलेल्या डिस्कवर आहे. लेबल नाही, मधल्या कड्यावर बारीक अक्षरं तेवढी. जिथे धरशील तिथे बोट उमटतं. शिवाय थर जास्त, त्यामुळे थर बदलताना चित्र गोठतं. वापरलेला संच असेल तर प्रत्येक बाजूचे मधले भाग लावून बघ, नुसतं पहिलं दृश्य बघून पैसे देऊ नकोस. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही."

"आणि रीजनचं, डिस्कवरच्या प्रदेशाच्या कुलपाचं काय? आपला पाच, त्यांचा एक."

"एनटीएससी, म्हणजे अमेरिकेची टीव्ही पद्धत, आजचा टीव्ही निमूट दाखवतो, अडवतो तो प्लेअर. सगळे रीजन चालवणारा घे. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा रीजन फक्त पाच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो."

सुनीलला मात्र नियम उलटाही सांगायचा होता. "द स्वीनी, इन्स्पेक्टर मोर्स या ब्रिटिश पोलीस मालिका, त्या मुळातच 25 फ्रेमने चित्रित झाल्यात. त्यांचे संच इंग्लंडचेच घ्या. अमेरिकेसाठी बदललेल्या प्रतींत हालचालीला भुतासारखी सावली येते. स्वीनी काढणारी नेटवर्क कंपनी 2023 मध्ये बंद पडली, तेव्हा दिसला संच की उचला."

"मिनिटं जुळली की झालं ना?"

"नाही रे! वाइजगाय या अमेरिकन गुन्हेकथांच्या मालिकेत, स्टीलग्रेव्ह या गुंडाच्या कथेच्या शेवटी मूडी ब्लूज बँडचं 'नाइट्स इन व्हाइट सॅटिन' होतं. डीव्हीडीवर हक्कांपायी दुसरंच संगीत घातलं. मिनिटं तीच, प्रसंगाचा प्राण गेला. खोक्यामागे बारीक अक्षरांत 'संगीत बदललं आहे' असं असतं, ते आधी वाच."

अव्याने विकणाऱ्याला लगेच निरोप धाडला: खोक्याच्या मागच्या बाजूचा आणि डिस्कच्या मधल्या कड्याचा फोटो पाठवा.