पागडीचा भाडेकरू आणि नवं पिल्लू

पावसाळ्यात संध्याकाळी सात-साडेसातला पार्किंगमधल्या एखाद्या स्कूटरखालून ‘म्याँऽऽ’ असा बारीक आवाज येतो आणि खाली जमलेली मंडळी एकसाथ वर बघतात. माझ्या खिडकीकडे. घरात एक मांजर आणि एक कुत्रा असला की तिसऱ्याची जबाबदारी आपोआप आपली, असा सोसायटीचा अलिखित ठराव असतो. वॉचमनने खोकंसुद्धा शोधून ठेवलेलं असतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे काहीही न करणं, आणि तेच कुणाला जमत नाही. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा सोडला तर त्यात तथ्य आहे. जागा बदलताना ती एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेते, त्या फेऱ्यांच्या मधे उरलेलं पिल्लू एकटं दिसतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपली भूतदया उफाळून येते. पिल्लू स्वच्छ असेल, पोट गोल असेल, गप पडून असेल तर आई जवळपासच आहे. लांब उभं राहून दोन-चार तास वाट बघावी. भिजलेलं, मळलेलं, हाताला गार लागणारं, सतत ओरडणारं किंवा चाकाखाली जाण्याच्या बेतात असलेलं पिल्लू मात्र उचलावं. उचलताना जाड टॉवेल वापरावा. अर्ध्या किलोचा जीव असला तरी चारही पंजे एकदम चालवतो. ओरखडला किंवा चावला तर ‘एवढंसं तर आहे’ म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा.

आता घर. इथे बहुतेक सज्जन माणसं एक भयंकर चूक करतात. खोकं हॉलच्या मधोमध ठेवतात, झाकण उघडतात आणि घरातल्या मांजराला हौसेने म्हणतात, “बघ, कोण आलंय! बाळ आलंय!”

घरातलं जुनं मांजर हा पागडीचा भाडेकरू असतो, हे मी कुणाकुणाला म्हणून सांगू? भाडं नाममात्र, हक्क संपूर्ण. दिवाणाचा उजवा कोपरा, फ्रिजचा माथा, खिडकीतली दुपारची उन्हाची पट्टी, सगळं त्याच्या नावावर चढलेलं. त्याच्यासमोर तुम्ही खोक्यातून नवा भाडेकरू काढून दाखवता आणि वर त्यानेच कौतुक करावं अशी अपेक्षा ठेवता! तो फिस्कारतो, अंगावर जातो, पुढचे दोन महिने तुमच्या गादीवर मुततो आणि आपण म्हणतो, मांजर हेवेखोर असतं. हेवा कसला? नोटीस न देता ताबा दिला, ही त्याची तक्रार आहे.

तेव्हा पिल्लू थेट बाथरूममध्ये. दार बंद. दोन आठवडे.

दोन आठवडे हा आकडा मनाचा नाही. कुत्र्यांना ओकाऱ्या-जुलाबांनी हैराण करणाऱ्या पार्व्होसारखा एक विषाणूजन्य रोग मांजरांनाही होतो, पॅनल्युकोपेनिया नावाचा. संसर्गापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण दोन ते दहा दिवस जातात. म्हणजे आज बागडणारं पिल्लू आठव्या दिवशी ओकू लागू शकतं, आणि तोवर ते सगळ्या घरभर फिरलेलं असेल तर आनंदच आहे. हा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, फिनाईलला तर जुमानतही नाही. शिवाय फिनाईल आणि पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकं मांजराच्या यकृताला पचत नाहीत. पंज्यांना लागतात, पंजे चाटले जातात आणि विषबाधा होते. साधं ब्लीच लिटरभर पाण्यात तीस मिली, दहा मिनिटं फरशीवर ठेवायचं, मग स्वच्छ धुवायचं, आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लू खोक्यात. बाथरूममध्ये जाताना एक जुना सदरा, बाहेर आलं की तो दाराच्या खिळ्याला, हात साबणाने स्वच्छ. सोवळं-ओवळं आम्हाला पटत नाही म्हणणारी माणसंही या पंधरवड्यात कडकडीत सोवळ्यात असतात. जुन्या मांजराची लस कधी झाली होती याची फाईल शोधायची वेळ हीच. फाईल सापडत नाही, हेही गृहीत धरावं.

बाथरूममध्ये काय लागतं? एक आडवं खोकं, त्याच्या अर्ध्या भागात गरम पाण्याची बाटली, टॉवेलात गुंडाळलेली. अर्ध्याच भागात, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची आणि नंतर खायला, कारण अंग गार असताना पोट काम करत नाही. संडासासाठी पाच-सहा सेंटीमीटर कडेचा ट्रे. मिठाईच्या मोठ्या बॉक्सचं झाकणही चालतं. त्यात बारीक फाडलेलं वर्तमानपत्र किंवा वाळू. ओलं झालं की गोळा होणारी दुकानातली माती दोन-अडीच महिन्यांपर्यंत नको, कारण या वयात पिल्लू ती खाऊन बघतं आणि मग गोळा पोटात होतो. बादलीत पाणी भरून ठेवायचं नाही. गीझरमागची फट, वॉशिंग मशीनखालची पोकळी कापड कोंबून बंद करायची. जिथे डोकं जातं तिथे अख्खं पिल्लू जातं, आणि मशीन लावण्याआधी आत हात घालून बघायची सवय घरातल्या प्रत्येकाला आत्ताच लावायची.

आणि दूध? नाही. वाटीभर गाईचं दूध पुढे सरकवणारा शेजारधर्म मोठा जुना आहे, पण त्यातली साखर पिल्लाला पचत नाही. जुलाब होतात आणि चारशे ग्रॅमच्या जिवाला एका दिवसाचे जुलाबही जड जातात. दात नसलेल्या, म्हणजे तीन-चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला मांजरांच्या दुधाची पावडर मिळते, ती बाटलीने पाजायची. पालथं ठेवून, आईला पितं तसं. आपल्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध फुफ्फुसात जातं. तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर शी-शूही ओल्या कोमट कापसाने पुसून करवावी लागते. रात्री तीन वाजता हे काम करताना भूतदयेची नेमकी किंमत कळते. दात आलेल्या पिल्लाला पिल्लांचंच ओलं खाणं, दिवसातून चारदा. मीठ-हळद न घातलेलं उकडलेलं चिकन अधूनमधून चालेल, पण ज्या पातेल्यात कांदा-लसूण पडलाय त्यातलं बोटभरही नको. कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा रोज एकदा बाथरूममध्ये न्यावा. महिन्याचं पिल्लू साधारण साडेचारशे ग्रॅम, दोन महिन्यांचं नऊशेच्या आसपास. वजन रोज थोडं वाढायलाच हवं. ते घटलं तर डॉक्टर, उद्या नाही, आज.

पिसवांसाठी उवांची बारीक फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, यासारखा इलाज नाही. कुत्र्याच्या मानेवर घालायचे गोचिडांचे थेंब ‘थोडेसेच’ पिल्लाला लावणारी शहाणी माणसं असतात. त्यातल्या कित्येक औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला झटके आणून मारतं. कुत्र्याला नुकतंच लावलं असेल तर त्यालाही मांजरांपासून लांब ठेवायचं. तापाला क्रोसीन हाही असाच घरगुती खून. अंगावर पैशाएवढे गोल केस गेलेले चट्टे दिसले तर तो गजकर्ण, आणि तो आठवडाभरात तुमच्या मनगटावरही उगवू शकतो. मग पाहुण्यांना हात दाखवत पिल्लाचं कौतुक सांगता येतं.

इकडे दाराबाहेर काय चाललेलं असतं? पागडीवाला फटीला नाक लावून बसलेला. कुत्रा त्याच्यामागे, जिभेसकट. दाराखालून एक बारका पंजा बाहेर येतो, हवेत दोनदा चाचपतो आणि आत जातो. पागडीवाल्याचं शेपूट जमिनीवर एकदा आपटतं. एवढंच. पण या ‘एवढंच’वर पुढचं सगळं अवलंबून असतं.

डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दाखवला की वासाची देवाणघेवाण सुरू करायची. एक स्वच्छ मोजा पिल्लाच्या गालावर फिरवायचा, कारण मांजराच्या ओळखीचा वास गालात असतो, आणि तो पागडीवाल्याच्या ताटलीपासून दोन हातांवर ठेवायचा. ताटलीला लावून नाही! हीच उलट बाजू दुसऱ्या मोज्याने. मोजा हुंगून तो जेवायला लागला की पुढची पायरी. दोघांची जेवणं बंद दाराच्या दोन बाजूंना, पाच-सहा फुटांवरून सुरू, प्रत्येक जेवणाला थोडं जवळ. कुणी जेवण टाकून निघून गेलं की ताटली मागे. मग दाराला वीतभर फट किंवा जाळी. मग समोरासमोर, पाच मिनिटं, आणि सगळं छान चाललेलं असतानाच बंद करायचं. आपल्याला आणखी थोडा वेळ बघायची हौस असते आणि तिथेच बिनसतं. फिस्कारणं चालतं, एखादी चापटही चालते, त्याबद्दल कुणाला रागवायचं नाही. कान मागे चपटे, अंग फुगलेलं, गळ्यातून लांब सूर निघतोय, तर मधे पुठ्ठा सरकवायचा आणि दोन पायऱ्या मागे जायचं. मधे हात घालायचा नाही. त्या क्षणी त्याच्या लेखी तुम्हीही फक्त चावण्याजोगा एक पाय असता.

कुत्र्याचं सोपं आहे असं वाटतं, कारण तो शेपूट हलवतो. शेपटीकडे बघूच नका. तोंड मिटलेलं, अंग ताठ, नजर पिल्लावर खिळलेली, तर ती मैत्री नव्हे, शिकार आहे. आधी त्याला फिरवून दमवायचं, मग पट्ट्यावर धरून भेट, आणि पिल्लावरची नजर काढून तुमच्याकडे बघितलं की खाऊ. पिल्लाला उडी मारून पोचता येईल असं उंच ठिकाण हवंच. निदान महिनाभर तरी दोघांना एकटं सोडायचं नाही, आणि पिल्लाचा ट्रे कुत्र्याच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर. कारण विचारू नका.

या काळात मोठा बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंब पडत नाहीये असं दिसलं तर त्याला ‘रुसलाय’ म्हणायचं नाही. ताणाने त्याची लघवी अडकू शकते, आणि तेव्हा तास मोजायचे असतात, दिवस नाही. घरातले ट्रे मोजताना मांजरं अधिक एक हा हिशेब ठेवावा. दोन मांजरांना तीन ट्रे. वन बीएचकेत तिसरा कुठे ठेवायचा, हे गणित मला अजून कुणी सोडवून दाखवलेलं नाही.

लशी सहा-आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची तीन महिन्यांना. पहिल्या खेपेला कंपाउंडर फाईलवर नाव विचारतो आणि आपण बेधडक ‘मनी’ सांगतो. डॉक्टर शेपटी वर करतात. तिथे लिपी वाचता यावी लागते. दोन टिंबं, मधे बोटभर अंतर, म्हणजे विसर्ग असेल तर बोका. टिंबाखाली लगेच उभी रेघ, उलटं उद्गारचिन्ह असेल तर भाटी. डॉक्टर चष्मा सावरतात, पुन्हा बघतात आणि ‘मनी’तल्या वेलांटीवर काट मारतात.