पंचगंगेची पातळी आणि मतांचे आकडे

पावसाळ्यात कोल्हापूरकराला आकडे शिकवावे लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पोराटोरांना पाठ. पण नुसती पातळी ऐकून कुणी थांबत नाही. पाणी किती वेगानं चढतंय, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडलेत, हे विचारूनच चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरं हलवायचं ठरवतात. हीच माणसं निवडणुकीत एकच विचारतात, "कोण येतंय?" मी संख्याशास्त्र शिकवते, म्हणून मला हे फार लागतं.

2024 चंच बघा. लोकसभेला राज्यात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र महाविकास आघाडीला 30 आणि महायुतीला 17. जूनमध्ये कोल्हापुरातून महाविकास आघाडीचे शाहू महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या 10 विधानसभा जागांपैकी महाविकास आघाडीला एकही नाही. करवीरमध्ये तर अंतर दोन हजारांच्या आतलं! हजार माणसांना नीट निवडून विचारलं तरी साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होतंच. करवीरचा निकाल कुठलं सर्वेक्षण छातीठोकपणे सांगणार होतं? तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

मग सर्वेक्षण कशाला? याचं उत्तर मला वर्गात मिळालं नाही, फॉर्म घेऊन दारोदार फिरताना मिळालं. मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकावं तशी नावं निघतात. नाव निघालेली बाई शेतात असते आणि कट्ट्यावर चार पुरुष गप्पा मारत असतात. त्यांनाच विचारून फॉर्म भरायचा मोह होतो. तिथंच सर्वेक्षण नासतं. 1936 साली अमेरिकेत एका साप्ताहिकानं 20 लाखांहून जास्त लोकांची उत्तरं जमवली, तरी रूझवेल्ट हरणार असं छापलं. पत्ते घेतले होते फोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे. रूझवेल्ट 48 पैकी 46 राज्यांत जिंकले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पोलचं याहून वेगळं काय आहे?

म्हणून मी त्या बाईची वाट बघत बसते. आली की ती आधी म्हणते, "मालकास्नी विचारा." मालक वैरण टाकायला गोठ्यात गेले की हळूच बोलते, "मत कुणाला ते नगं इचारू ताई. पण पोरीच्या कॉलेजच्या येळंला एसटी सोडाय सांग की." हे वाक्य कुठल्याच एक्झिट पोलमध्ये येत नाही. अशा दोनशे बायका एकच गोष्ट सांगतात तेव्हा तो आकडा एसटी आगारात ठणकावून मांडता येतो. लाडकी बहीणमुळे मतं फिरली, असं सगळेच म्हणतात. पैसे मिळालेल्या आणि न मिळालेल्या बायकांना वेगवेगळं, नवऱ्यामागं, किती जणांनी विचारलं?

आणि मोजलंच नाही तर काय होतं? अन्नसुरक्षेच्या रेशनवर किती माणसं बसवायची, त्याचा हिशोब 2011 च्या जनगणनेवर बेतलेला आहे. 2021 ची जनगणना झालीच नाही. त्यानंतर वाढलेली माणसं कुठल्या खान्यात धरायची?

बूथनिहाय मतं निवडणुकीच्या निकालपत्रकात, म्हणजे फॉर्म 20 मध्ये, असतात आणि तो सगळ्यांसाठी खुला आहे. मी आमच्या बूथचे लोकसभा आणि विधानसभेचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत. तुमच्या पेठेचे, गावाचे मांडायचे असतील तर खाली गावाचं नाव लिहा. रविवारी सकाळी एकत्र बसू.